आज किती?

घरात शिरले, पिशवी दाराआड ठेवली, हात धुतले की माझ्या तोंडून पहिला प्रश्न येतो, "आज किती?" पुण्यात लोकांच्या घरी पोळ्या करायला लागून मला पंचवीसहून जास्त वर्षं झाली. प्रत्येक घराचा आकडा ठरलेला असतो आणि तरी तो रोज विचारावा लागतो. मुलगी मैत्रिणीकडे अभ्यासाला राहिली की दोन कमी. गावाहून सासूबाई आल्या की तीन जास्त. एकादशीला निम्म्या. संकष्टीला सकाळी नकोत, पण रात्री चंद्रोदयानंतर उपास सोडायला ताज्या हव्यात, म्हणजे माझी एक खेप वाढली.

घरात काय चाललंय ते मला कुणी बसवून सांगत नाही. आकडा सांगतो. मयूर कॉलनीतल्या एका घरी मी कामाला लागले तेव्हा चौदा पोळ्या असायच्या. काका, काकू, दोन मुलं आणि सगळ्यांचे डबे. मुलगा जर्मनीला शिकायला गेला आणि चौदाच्या दहा झाल्या. सुरुवातीला काकू सवयीने चौदाच सांगायच्या आणि उरलेल्यांचा रात्री कुस्करा व्हायचा. मुलीचं लग्न झालं, सहावर आलो. दिवाळसणाला जावई आले तेव्हा चार दिवस परातीत कणीक मावत नव्हती आणि काकू ओट्याशी येऊन उगाचच "मी लाटू का थोड्या?" म्हणत होत्या. मग एका पावसाळ्यात काकांना दवाखान्यात नेलं, ते परत आले नाहीत. तेरावं झाल्यावर मी गेले तर काकू दारातच म्हणाल्या, "एकटीच्या पोळ्यांसाठी बाई ठेवणं बरं दिसत नाही गं. या महिन्यापासून बंद करूया का?"

मी नको म्हटलं. पगार निम्मा करा, पण काम चालू ठेवा, असं सांगितलं. त्यात माझा स्वार्थ होताच, कारण एक घर सुटलं की महिन्याचं गणित हलतं. पण मला दुसरी काळजी जास्त होती. एकट्या राहिलेल्या माणसाने पोळ्या बंद केल्या की त्याचं जेवणच हळूहळू सुटतं, हे मी दुसऱ्या घरांत पाहिलेलं होतं. आधी 'रात्री दूध-पोहे पुरतात' होतं. मग दुपारी चहा आणि खारी. मग भाजी कशाला करायची, खाणार कोण? डब्यात तीन ताज्या पोळ्या असल्या की त्यांच्या जोडीला काहीतरी शिजवावंच लागतं. काकू अजून नीट जेवतात. मी कणीक मळत असते तेव्हा समोर खुर्ची घेऊन त्या मेथी निवडत बसतात आणि नातवंडांच्या गोष्टी सांगतात.

पोळ्या म्हणजे पोळ्या, त्यात काय विशेष, असं ज्यांना वाटतं त्यांनी एका सकाळी लागोपाठ चार घरांतली कणीक हातात धरून पाहावी. एका घरी सिहोरचा गहू, उन्हाळ्यात वर्षाचा एकदम भरलेला, वाळवून, कडुनिंबाचा पाला घालून पिंपात ठेवलेला. तो पाणी पुष्कळ पितो आणि त्याची पोळी रात्रीपर्यंत मऊ राहते. दुसऱ्या घरी लोकवन, दर महिन्याला कोपऱ्यावरच्या गिरणीतून दळून आणलेला. गिरणीवाल्याने घाईत जाडसर दळला असेल तर कणीक दहा मिनिटं जास्त मुरवावी लागते. तिसरीकडे पाकिटाचं पीठ. ते मळताना हाताला फार गुळगुळीत लागतं आणि त्याची पोळी गार झाली की चामट होते. चौथ्या घरी डॉक्टरांनी सांगितलं म्हणून गव्हात नाचणी, ज्वारी आणि सोयाबीन घातलेलं असतं. हे पीठ ताणलं जात नाही, लाटताना कडेला चिरतं. ते कोमट पाण्यात भिजवायचं, लाटी जरा मोठी घ्यायची, लाटणं हलकं चालवायचं. पावसाळ्यात पीठ मुळातच दमट असतं, म्हणून पाणी हात राखून. मे महिन्यात मळलेली कणीक तासाभरात सैल पडते, म्हणून घट्ट. मी पाणी कधी मापाने घातलेलं नाही. पहिली ओंजळ घातली की पीठ किती पितंय ते बोटांना कळतं, आणि हे कळणं एका वर्षात येत नाही.

मळलेली कणीक निदान वीस मिनिटं झाकून ठेवावी लागते. आमची खरी ओढाताण इथेच होते, कारण एका घराला जास्तीत जास्त पाऊण तास देता येतो. म्हणून बहुतेक घरी मी सांगून ठेवलंय, मी यायच्या आधी पीठ नुसतं भिजवून गोळा करून ठेवा, मळायची मी. वहिनी आंघोळीला जाताना भिजवतात. एका घरी ते काम दादा करतात आणि त्यांची कणीक वहिनींपेक्षा चांगली असते.

घडीच्या पोळीचं सगळं कसब कडेला असतं. लाटी पुरीएवढी लाटायची, तेलाचं बोट फिरवायचं, वर चिमूटभर पीठ भुरभुरायचं, घडी, पुन्हा तेल, पुन्हा घडी. आता ही चौपदरी त्रिकोणी लाटी गोल करायची तर लाटण्याचा जोर कडांवर हवा, मधे नाही. मध्य पातळ झाला की पोळी तव्यावर फाटते आणि वाफ निसटते. कड जाड राहिली तर पोळी फुगते छान, पण कड कच्ची राहते आणि जेवणारा तेवढीच ताटाच्या काठाला ठेवून देतो. हात बसला की पोळी पोळपाटावर आपली आपण फिरत राहते, उचलून फिरवावी लागत नाही. पहिल्या बाजूला बारीक फोड आले की उलटायची, दुसरी बाजू पुरती भाजू द्यायची, परत उलटली की फडक्याने कडेकडेने दाबायचं, म्हणजे वाफ सगळीकडे पळते. तव्यावरून उतरवली की हातात उभी धरून हलकेच आपटायची. त्याने पदर सुटतात. घाईच्या बायका आणि नव्याने शिकणाऱ्या मुली नेमकी ही आपट गाळतात, आणि पोळी पदर असूनही एकसंध पडून राहते.

डहाणूकर कॉलनीतल्या एका घरी नव्वदी ओलांडलेले आजोबा आहेत. दात नाहीत, कवळी टोचते. त्यांची सून त्यांना पोळी मिक्सरमधून काढून वरणात कालवून चमच्याने भरवायची. मायेने करायची, नोकरी सांभाळून. पण आजोबा दोन चमच्यांनंतर तोंड फिरवायचे. मी त्यांच्यासाठी वेगळ्या पोळ्या करायला घेतल्या. लाटी निम्मी, तेल थोडं जास्त, कागदासारखी पातळ, तवा मंद, कुठेही काळा डाग पडू द्यायचा नाही. उतरवल्याबरोबर तूप, चार घड्या, आणि ओल्या करून घट्ट पिळलेल्या पंच्यात गुंडाळून झाकण ठेवायचं. दहा मिनिटांनी ती पोळी बोटांनी मोडते. पहिल्या दिवशी आजोबांनी ताटात ती कुस्करली, वर वरण घेतलं, लिंबू पिळलं आणि स्वतःच्या हाताने कालवून खाल्लं. हाताला कंप आहे, थोडं सांडलं. सुनेने चमचा पुढे केला तर त्यांनी हात आडवा धरला. माणसाला आपलं जेवण आपल्या हाताने कालवता आलं पाहिजे असं मला फार वाटतं. आता त्यांच्या दोन पोळ्या मी सगळ्यांत शेवटी करते, तवा जरा निवल्यावर.

गंमत म्हणजे हे कसब आमच्या घराण्यातलं नव्हे. माझी आई बीड जिल्ह्यातली. 1972च्या दुष्काळात तिने दुष्काळी कामावर खडी फोडली. सरकारी दुकानातून मिळणाऱ्या मिलो नावाच्या लाल ज्वारीच्या भाकऱ्यांची चव ती शेवटपर्यंत विसरली नाही; त्या थापल्या जात नसत, तुटत. त्या सालानंतर मराठवाड्यातून आणि सोलापूर, नगरच्या कोरड्या भागांतून किती कुटुंबं पुण्याला आली! बाप्ये बांधकामावर, हमालीवर गेले आणि बायका धुण्याभांड्याला. आईला भाकरी अशी यायची की बघत राहावं. गव्हाची पोळी मात्र तिच्या माहेरी सणाला व्हायची, पाहुणा आला तर व्हायची. सदाशिव पेठेतल्या एका वाड्यात ती भांडी घासायला जायची. तिथल्या काकूंचा हात मोडला आणि त्यांनी आईला पोळ्या लाटायला बसवलं, स्वतः शेजारी बसून एका हाताने दाखवत. आई पोळ्या शिकली आणि तिचा पगार वाढला. मला तिने दहावीच्या सुट्टीतच शिकवलं. भाकरी शिकवायला मात्र ती विसरली नाही, आणि आज ज्वारी-बाजरीला पुन्हा दिवस आल्यावर भाकरीचे मला पोळीपेक्षा जास्त पैसे मिळतात.

1980 साली पुण्यातल्या मोलकरणींनी संप केला. पगारवाढ हवी आणि हक्काची सुट्टी हवी, या मागण्या होत्या. आई त्याविषयी बोलायला लागली की तिचा आवाज बदलायचा. आजारी पडलं तर खाडा धरायचा, गावाला मयतीला गेलं तर परत येईपर्यंत दुसरी बाई लागलेली, हे त्या बायकांनी पहिल्यांदा रस्त्यावर येऊन मोठ्याने सांगितलं. आज महिन्याला दोन सुट्ट्या आणि दिवाळीला एक पगार हे पुण्यातल्या पुष्कळ घरांत न बोलता मिळतं. नव्या मुलींना वाटतं की ते पहिल्यापासूनच होतं. त्यांना मी आवर्जून सांगते.

2008 साली महाराष्ट्रात घरकामगारांसाठी कल्याण मंडळाचा कायदा झाला. नोंदणी करता येते, ओळखपत्र मिळतं. पण अर्जासोबत आपण जिथे काम करतो तिथला सहीचा दाखला लागतो, आणि तिथे घराघराचा स्वभाव दिसतो. एका घरी वर्षानुवर्षं मी किल्लीने दार उघडून आत जाते, त्यांचे दागिने कुठल्या डब्यात आहेत तेसुद्धा मला ठाऊक आहे. त्या घरी सही मागितली तर दोन दिवस विचार चालला. पुढे काही लचांड मागे लागणार नाही ना, असं त्यांच्या मनात असावं. मला त्याचं वाईट वाटलं, आणि ते मी त्यांना बोलून दाखवलं. मयूर कॉलनीच्या काकूंनी चष्मा लावून अर्ज आधी सगळा वाचला, मग सही केली आणि खाली स्वतःचा फोन नंबर मोठ्या अक्षरात लिहिला.

2020च्या मार्चमध्ये टाळेबंदी लागली तेव्हाही असंच घर आणि घर वेगळं कळलं. सोसायट्यांची फाटकं बंद झाली. आम्ही सुतारदऱ्यात, दहा बाय दहाच्या खोलीत, पाच माणसं. काही घरांनी कामावर न जाताही पगार खात्यात टाकला, एका घराने तर न मागता आगाऊ. काहींनी फोनच उचलला नाही. त्या काळात माझ्या आजूबाजूच्या खोल्यांतल्या बायकांना मी पहिल्यांदा रिकाम्या हाताने बसलेलं पाहिलं. या शहरात हजारो घरांत रोज सकाळी पोळ्या होतात त्या आमच्या हातांनी होतात, आणि हे हात महिनाभर थांबले तर आमच्या स्वतःच्या चुली किती दिवस चालतात हे तेव्हा आम्हाला मोजता आलं. फार दिवस नाही.

अजूनही एखाद्या घरी माझा चहाचा कप वेगळा असतो, खिडकीच्या कट्ट्यावर पालथा घातलेला. माझ्या हातची कणीक चालते, त्याच हातात त्यांचा कप चालत नाही. अशा घरी मी चहा घेत नाही. काम नीट करते आणि निघते.

कर्वेनगरात नोकरी करणाऱ्या चार मुलांचा भाड्याचा फ्लॅट आहे. कोणी इंदूरचा, कोणी पाटण्याचा, एक नागपूरचा, एक कोल्हापूरचा. मी पहिल्यांदा गेले तेव्हा त्यांच्याकडे पोळपाट नव्हता, तवा होता तो ऑम्लेटचा. मी त्यांना तुळशीबागेत पाठवून लोखंडी तवा आणायला लावला. इंदूरवाल्याला गॅसवर फुगवलेले फुलके लागतात, कोल्हापूरवाल्याला घडीची पोळी, आणि रविवारी जोंधळ्याची भाकरी. चौघांचं एकत्र होत नाही, पण लाटी एकच असते; दोन घड्या घातल्या की पोळी, नाही घातल्या की फुलका. चौघेही मला मावशी म्हणतात, पाटण्याचा 'मौसी' म्हणतो. इंदूरच्या मुलाला डेंगी झाला तेव्हा त्याच्या आईने व्हिडिओ कॉल लावून मला स्वयंपाकघर दाखवायला सांगितलं. ओटा, भांडी, डबे सगळं बघितलं तिने. मग म्हणाली, दीदी, मुगाची पातळ खिचडी करा, हिंग जास्त घाला, त्याला तशीच आवडते. मी करत असताना तिने फोन ठेवला नाही. खिचडीला शिट्ट्या झाल्या, मी ताटलीत वाढली, त्याच्याजवळ नेली, तेव्हा ती म्हणाली, आता ठेवते. या मुलांच्या आयांना मी कधी भेटणार नाही, पण त्यांची मुलं काय खातात, काय टाकतात हे आम्हा दोघींना सारखंच माहीत असतं.

गेल्या दोन-तीन वर्षांपासून माझा उजवा खांदा धरतो. रात्री त्या कुशीवर झोपता येत नाही. दवाखान्यात गेले तर व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी मला लाटण्याची नक्कल करून दाखवायला सांगितली आणि लगेच म्हणाल्या, "तुमचा ओटा उंच आहे." अगदी खरं होतं. पुण्यातल्या फ्लॅटमध्ये ओटा साधारण चौतीस इंचांचा असतो. त्यावर पोळपाट ठेवला की आणखी दोन इंच. मी पाच फुटांना एक इंच कमी. लाटताना जोर वरून खाली यायला हवा, तो खांदे उचलून द्यावा लागतो, दिवसाला शंभरावर पोळ्यांना. म्हणून आमच्यातल्या कितीतरी जणी पायाखाली पाट घेतात. पण पाटावरून गॅसकडे, गॅसकडून नळाकडे जायचं म्हणजे सारखी चढउतार, आणि खाली पाणी सांडलेलं असलं तर पाट सरकतो. माझ्या मावसबहिणीने असंच मनगट मोडून घेतलं.

डहाणूकर कॉलनीच्या वहिनींनी, म्हणजे आजोबांच्या सुनेने, मागच्या वर्षी स्वयंपाकघर नवीन करायला काढलं. फरशा उचकटलेल्या होत्या, ओटा तोडलेला होता, आणि मी पोळ्या गॅलरीत टेबलावर करत होते. वहिनी टेप घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "मावशी, जरा सरळ उभ्या राहा बरं." मी कोपर वाकवून उभी राहिले, त्यांनी जमिनीपासून कोपरापर्यंत माप घेतलं. सदतीस इंच भरलं. त्या स्वतः उंच आहेत, सगळा ओटा माझ्या मापाचा केला तर भाजी चिरताना त्यांची कंबर गेली असती. म्हणून खिडकीकडचा अडीच फुटांचा तुकडा तीन इंच खाली घ्यायचं ठरलं. गवंड्याला ते पटेना. ग्रॅनाइट एका रेषेत दिसलं पाहिजे, असं तो म्हणत होता, आणि पुढे फ्लॅट विकायची वेळ आली तर लोक नावं ठेवतील, असंही. वहिनी म्हणाल्या, "रोज पाऊण तास इथे त्या उभ्या राहणार आहेत. माप त्यांचंच घ्या."

त्या घरी आता मला पाट लागत नाही. खांदा बरा झाला असं म्हणत नाही, बाकीच्या घरांचे ओटे आहेत तसेच आहेत. पण फरक किती पडतो ते तिथे रोज कळतं. म्हणून कुठल्याही घरी स्वयंपाकघर नवीन करायची बोलणी कानावर आली की मी मधे बोलते. पोळ्या बाई करत असेल तर बाईला उभी करा, घरातलं कोणी करत असेल तर त्याला उभं करा. कोपर वाकवायला सांगा आणि पोळपाटाची वरची बाजू कोपरापेक्षा चार इंच तरी खाली येईल असा ओटा बांधून घ्या. पोळपाटाची उंची धरायला विसरू नका, सगळे तीच विसरतात. फरशा कुठल्या घ्यायच्या ते नंतर ठरवता येतं.